अनंताखालचा बगळा

वैशाख उतरू लागला की रोह्याच्या आमच्या परसबागेत अनंताच्या गंधात वॉर्निशचा उग्र दर्प मिसळतो आणि माझं मन आंबून जातं. त्या दिवसांत हे, म्हणजे माझे यजमान, झाडाखालचा प्लास्टरचा बगळा उन्हात वाळवतात, मऊ कुंचल्याने त्याच्या पंखांतली धूळ झाडतात आणि पावसाचं पाणी पिऊन तो भुसभुशीत होऊ नये म्हणून त्याला वॉर्निशचे पातळ हात देतात. बगळा नलिनीने केलेला. नलिनी ह्यांची पहिली पत्नी, पेणच्या मूर्तिकारांच्या घरातली. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तापाने गेली. मी तिला पाहिलेलंसुद्धा नाही. पण त्या शुभ्र मानेवरून फिरणारा ह्यांचा हात मी दर उन्हाळ्यात पाहत आले आहे, आणि गेलेल्या माणसाशी भांडता येत नाही हे दुःख मुकाट गिळत आले आहे.

यंदा ह्यांच्या खांद्याचं हाड मोडलं. बगळ्याच्या पायथ्याचे पोपडे सुटू लागले होते, आकाशात ढग जमू लागले होते, आणि हे हात गळ्यात अडकवून खुर्चीतून नुसते त्याच्याकडे बघत बसत. मला एका शब्दाने म्हणाले नाहीत. ते न म्हणणंच मला अधिक झोंबलं. जणू त्याला स्पर्श करण्याचा अधिकार मला नव्हताच.

"पेणला नेऊन दुरुस्त करून आणते," शेवटी मीच म्हणाले.

ते चमकले. "जड आहे गं," एवढंच पुटपुटले.

एसटीत तो माझ्या साडीत गुंडाळून मांडीवर घेतला. वडखळच्या अलीकडे खाडीचा खारा वारा आत आला, तशी शेजारची म्हातारी गाठोड्याकडे वाकून म्हणाली, "निजलाय का गो पोर?" मी मान हलवली. होय की नाही, ते तिलाच ठरवू दिलं.

नलिनीची धाकटी बहीण मंदाताई अजून माहेरचा कारखाना चालवते. रंगाची वाट बघत बसलेल्या पांढऱ्या गणपतींच्या रांगांमधून ती उठून आली, आणि साडी सोडताच तिचा चेहरा पालटला. मग बगळा आडवा करून म्हणाली, "बुडाला वॉर्निशचा हात लागलाच नाय. जमिनीची ओल खालनंच चढलीय. र्‍हाऊ दे हितं, पुरता सुकवून देते."

अनंताखालची जागा रिकामी झाली. तिथे मी मोगरा लावायचाही बेत केला. त्या दिवसांत घर मला प्रथमच पूर्णपणे माझं वाटलं.

आठवड्याने मी पेणला गेले तेव्हा बगळा नव्यासारखा झाला होता. मंदाताईने त्याला पुढे केलं, पण हात मात्र काढून घेतला नाही.

"तुला एक इचारू? रागवू नको हां," ती खाली बघत म्हणाली. "तुमच्याकडं तिचं घर हाय, तिचा माणूस हाय. माझ्याकडं तिच्या हातचं काय म्हणजे काय नाय. इतकी वर्सं तुमच्या बागेचा हेवाच करत आले बघ. ह्याला हितंच र्‍हाऊ देशील?"

ज्या क्षणाची मी मनोमन किती वर्षं वाट पाहिली होती, तो असा न मागता समोर येऊन उभा राहिला. फक्त हो म्हणायचं होतं. हे रागावलेही नसते.

"नाही," मी म्हणाले. इतक्या तीक्ष्णपणे, की माझी मीच दचकले. मंदाताईने साडीची गाठ मारून दिली.

परतीच्या एसटीत भातखाचरांवर संध्याकाळचं पिवळं ऊन कलत होतं आणि मी दोन्ही हातांनी गाठोडं घट्ट धरून बसले होते. ते ह्यांच्यासाठी धरलं होतं, की नलिनी आता आणखी कुणाची होऊ नये म्हणून, हे मला अजून नीट उमगलेलं नाही.