डबा इथंच राहणार

पियुषने उलटं लिहिलं आणि मावशीचा प्रोग्राम गेला.

गोंदियाच्या कॉम्प्युटर क्लासात या पोट्ट्याने डॉस पाठ केलं होतं: फाइल कॉपी करताना आधी कुठून, मग कुठं. पण रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यात इंदूमावशीच्या टायपिंग क्लासमधला, टीव्हीला जोडलेला घरगुती कॉम्प्युटर डॉसच्याही आधीच्या सीपीएम नावाच्या प्रणालीवर चालायचा. तिथं आधी कुठं, मग कुठून. मावशी म्हणाली होती, "चांगल्या फ्लॉपीवरून खराब फ्लॉपीवर घे." पियुषने मोठ्या ऐटीत, एकाच ड्राइव्हमध्ये फ्लॉप्या आलटूनपालटून घालत, खराब फ्लॉपी चांगलीवर ओतली.

नेमका तेव्हाच घरमालकाचा मुलगा चिराग दारात उभा होता. रायपूर राजधानी झाल्यापासून ज्याच्याकडे एक खोली, तो स्वतःला मंत्रालयच समजत होता.

"आंटी, डब्बा तो गया. अब कमरा खाली कर दो, मोबाइल की दुकान खोलनी है."

"डबा नाही गेला, प्रोग्राम गेला," मावशी म्हणाली. "शनिवारच्या स्पीड टेस्टला हा नाही चालला, तर चावी घेऊन जाय. चालला, तर सगळ्या पोट्ट्यांसमोर इथं बसून तू एक उतारा टाइप करशील. हव?"

"हव," चिराग हसत म्हणाला.

मावशी अशीच होती. पूर्वी ती एका ऑफिसात टायपिस्ट होती. साहेब म्हणाला, बायकांनी टाइप करावं, प्रोग्रामच्या भानगडीत पडू नये. तिने नोकरी सोडली, नागपूरहून हा कॉम्प्युटर मांडीवर घेऊन आली आणि सी भाषेत टायपिंगचा वेग मोजणारा प्रोग्राम स्वतः लिहिला. मूळ लिखाण वेगळ्या फ्लॉपीवर होतं, म्हणून वाचलं. आता ते पुन्हा कंपाइल करायचं, म्हणजे कंपायलरकडून मशीनच्या भाषेत उतरवून घ्यायचं होतं. पण कंपायलर आपली लायब्ररी, म्हणजे तयार तुकड्यांची फाइल, बी ड्राइव्हवर शोधायचा, आणि बी ड्राइव्हने मागच्या उन्हाळ्यातच प्राण सोडला होता.

"मावशी, विंडोजवाला नवीन घे ना."

"म्हणजे चिराग जिंकला. कंपायलरले सांग, लायब्ररी ए वर आहे म्हणून."

ते सांगायला एक छोटा प्रोग्राम होता. तो एकेक प्रश्न विचारायचा. पियुषचं बोट विंडोजच्या 'नेक्स्ट'वर वाढलेलं. त्याने भराभर एंटर दाबलं, म्हणजे सगळी उत्तरं जुनीच राहिली. कंपायलर पुन्हा मेलेल्या ड्राइव्हच्या दारात. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

"तू वाचून नाही राहिला, नुसता दाबून राहिला!" मावशीने त्याचा हात उचलून बाजूला ठेवला. "मोठ्यानं वाच."

वर्गातल्या पोट्ट्या खुदखुदल्या. पियुषने शाळेतल्यासारखं वाचलं. लायब्ररी कुठं? ए. मेमरी किती?

"चौसष्ट के," मावशी मान ताठ करून म्हणाली. "विकत घेतानाच विचारलं होतं."

कंपाइल झालं. प्रोग्राम सुरू झाला, एक ओळ दाखवली आणि थिजला. मावशीने पियुषकडे पाहिलं. पियुषने मशीन बंद करून चालू केलं. टीव्हीच्या पडद्यावर पहिलीच ओळ आली: ५६ के सीपीएम.

"मावशी, चौसष्टातल्या वरच्या आठ के जागेत मशीनची स्वतःची कामं बसली आहेत. आपला प्रोग्राम त्यांच्या मांडीवर जाऊन बसून राहिला. हे रोज सकाळी लिहून येते. काहून वाचून नाही राहिली?"

पोट्ट्या पुन्हा खुदखुदल्या. मावशीने चहाचा घोट घेतला.

"छप्पन्न भर," ती म्हणाली.

शनिवारी चिराग चावी न्यायला आला, तेव्हा वनमाला नावाची मुलगी धडाधड टाइप करत होती. उतारा संपला, डब्याने भसाड्या आवाजात शिट्टी मारली आणि पडद्यावर तिचा वेग आला. मावशीने खुर्ची ओढून चिरागपुढे ठेवली.

"बस."

"आंटी, अभी सिलतरा जाना है, अर्जंट काम है."

त्या दिवसापासून चिराग स्कूटर रस्त्याच्या पलीकडे लावतो. खोलीचं नाव काढत नाही. शनिवारी टेस्ट संपली की मावशी दारात येते आणि अख्ख्या तात्यापाऱ्याला ऐकू जाईल अशी ओरडते, "चिराग, तुझा उतारा बाकी आहे रे!"

पलीकडे किक बसते, स्कूटर सुरू होते.