नदीकाठचं प्रकरण

बसस्थानकावर तिचा आवाज ऐकला नाही असा माणूस त्या शहरात शोधूनही सापडला नसता. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली रद्द झाली, कुणाचं मूल चौकशीच्या खिडकीपाशी रडत बसलंय, हे सगळं ती काचेच्या खोलीत बसून सांगायची. आवाज असा खणखणीत, की बाकावर पेंगणारे प्रवासी दचकून उठायचे आणि भलत्याच गाडीत जाऊन बसायचे. सगळे तिला घोषणाबाई म्हणत. नवरा त्याच आगारात ड्रायव्हर. तो म्हणायचा, "जगातला मी एकटाच नवरा, ज्याला बायको घरी आणि कामावर दोन्हीकडे निघा म्हणून सांगते."

निवृत्तीनंतर घरात तिचा जीव रमेना. अंधांसाठीच्या ग्रंथालयाला पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणारी माणसं हवी होती. ती गेली, दोन परिच्छेद वाचून दाखवले आणि त्याच दिवशी कामाला लागली. जिन्याखालच्या खोलीला भिंतभर जुन्या गाद्या ठोकल्या होत्या. आत एक टेबल, एक माइक आणि घशाला कोरड पडली तर पाण्याचा तांब्या. वाचलेलं दर आठवड्याला श्रोत्यांच्या फोनवर जायचं. तिच्या रहस्यकथांवर श्रोते खूश होते. खून झाल्याची बातमी ती अशी द्यायची, की ऐकणारा आधी दाराची कडी तपासून यायचा.

मग ग्रंथपालबाईंनी तिच्यासमोर एक जाडजूड कादंबरी ठेवली. "अभिजात आहे," त्या म्हणाल्या. "कितीतरी जणांनी मागितलीय."

"बाई, ही उशाला घेतली तर मान धरेल."

गोष्ट एका पूल बांधणाऱ्या अभियंत्याची होती. पूल पडतो, माणसं मरतात. चौकशी होते आणि त्याचा काहीही दोष नाही असा निकाल लागतो. खरी कादंबरी इथून पुढे सुरू होते. त्याला वाटतं, निकाल चुकलाय. निर्दोष ठरलेल्या माणसाला शिक्षा मागता येते का, हा एकच प्रश्न घेऊन तो नदीकाठी जाऊन बसतो आणि पानंच्या पानं नुसता विचार करतो. कुणी येत नाही, काही घडत नाही, नदी वाहत राहते.

पूल पडेपर्यंत श्रोते जिवाचे कान करून ऐकत होते. नदीकाठ आला आणि फोन सुरू झाले. कुणी म्हणालं, झोपेच्या गोळ्या बंद केल्या, आता हेच लावतो. कुणी म्हणालं, त्या माणसाला एखादं काम लावून द्या म्हणजे डोकं ताळ्यावर येईल. दुसरीकडे एक अंध वकीलबाई होत्या. त्यांनी कळवलं, "एक ओळ जरी गाळलीत तर माझ्याशी गाठ आहे." श्रोत्यांमध्ये सरळ दोन तट पडले.

ग्रंथपालबाई मेटाकुटीला आल्या. "आपण नदीकाठचं प्रकरण थोडक्यात आटपू या का?"

घोषणाबाईंना मनातून हेच हवं होतं. तेवढ्यात एका निवृत्त टेलिफोन ऑपरेटरचा फोन आला. दृष्टी नसलेल्या या गृहस्थाने उभा जन्म माणसांचे आवाज जोडण्यात घालवला होता. ग्रंथपालबाईंनी फोन तिच्याच हातात दिला.

"पुस्तक भिकार आहे," ते म्हणाले. "पण ते किती भिकार आहे हे मला कळू तरी द्या! तुम्हाला स्वतःला कंटाळा आलाय, बाई. तो मनुष्य देवाला प्रश्न विचारतोय आणि तुम्ही गाडी फलाटाला लावताय."

तिने फोन ठेवला तेव्हा कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. इतक्या वर्षांत तिच्या आवाजाला नावं ठेवायची कुणाची छाती झाली नव्हती. रागारागाने तिने पुस्तक पिशवीत कोंबलं आणि घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुकर उतरवून ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली आणि नदीकाठचं प्रकरण मोठ्याने वाचू लागली. आधी घाईघाईनं, मग चिडून. एका पानावर अभियंता म्हणतो, 'सगळ्यांनी मला सोडून दिलं. आता मला धरून ठेवणारा मी एकटाच उरलो.' ती पान उलटणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"परत वाच."

नवरा दारात उभा होता. हातात धुवायला आणलेला चहाचा कप तसाच.

फार वर्षांपूर्वी त्याच्या बसखाली एक सायकलवाला आला होता. चौकशीत त्याची काहीच चूक निघाली नाही. तो माणूसच वळणावर आडवा घुसला होता. त्यानंतरही नवऱ्याने निवृत्तीपर्यंत गाडी चालवली. घरात त्या विषयावर कधी चकार शब्द निघाला नाही आणि तो विसरला असं ती धरून चालली होती.

तिने ती ओळ परत वाचली. तो खुर्ची ओढून समोर बसला.

"पुढे?"

ती पुढे वाचत गेली. तो मध्येच हात वर करून थांबवायचा, जरा वेळ खिडकीबाहेर बघायचा आणि मग मान हलवायचा, की ती पुढचं वाक्य घ्यायची. तिला प्रथमच कळत होतं, की या वाक्यांच्या मध्ये जागा सोडावी लागते. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा तो म्हणाला, "हा लेखक कुणीही असो, त्याला माहीत होतं." आणि मग तो त्या वळणाबद्दल बोलायला लागला. ब्रेकचा आवाज, रस्त्यावर पडलेली चप्पल, सगळं. ती नुसती ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती ग्रंथपालबाईंच्या टेबलापुढे उभी राहिली. "एक ओळही गाळायची नाही. आणि आधी वाचलेलं पुसून टाका. नदीकाठ मी पहिल्यापासून वाचणार."

"अहो, लोक आधीच वैतागलेत!"

"माझ्या वाचनाला वैतागलेत. पुस्तकाला वैतागायची संधी त्यांना अजून मिळालेली नाही."

ती गाद्यांच्या खोलीत शिरली. रोज वाचून घसा बसला की घरी नवरा गरम पाणी पुढे करायचा आणि विचारायचा, "आज कुठवर आला तो?" प्रकरण संपलं, कादंबरीही संपली.

फोन पुन्हा खणखणू लागले, पण सूर पार बदलला होता. कंटाळ्याचं कुणी नावच काढेना. आता भांडण अभियंत्यावरून होतं. त्याने शिक्षा मागितली हे बरोबर की चूक? शेवटी ग्रंथपालबाईंनी सगळ्यांना ग्रंथालयातच बोलावलं. दालन भरलं, खुर्च्या कमी पडल्या, पांढऱ्या काठ्या भिंतीला टेकून ठेवल्या गेल्या.

वकीलबाई कडाडल्या, "निकाल लागल्यावर स्वतःला शिक्षा मागणं हा अहंकार आहे!"

"म्हणजे?" ऑपरेटर उसळले. "परवापर्यंत तुम्ही त्याच्या बाजूच्या होतात!"

"पुस्तकाच्या बाजूची होते. त्याच्या नाही. आणि तुम्ही तर पुस्तक भिकार म्हणत होतात."

"अजूनही म्हणतो. फार लांबवलंय. पण तो माणूस खरा आहे. त्याला कुणी हात लावायचा नाही!"

दालनात एकच गलका झाला. मागच्या रांगेतून तिचा नवरा उठला. माणसांसमोर बोलायची त्याला मुळीच सवय नव्हती. "त्याला शिक्षा नको होती," तो म्हणाला. "कुणीतरी बसून सगळं ऐकून घ्यायला हवं होतं." एवढं बोलून तो खाली बसला.

"ते सुद्धा मला पटत नाही," वकीलबाई म्हणाल्या, पण जरा हळू.

मग ऑपरेटरनी दालनाकडे मान वळवली. "वाचणाऱ्या बाई कुठे आहेत? तुमचं मत काय?"

घोषणाबाई गांगरल्या. आजवर दुसऱ्यांनी लिहिलेलंच त्यांच्या तोंडून बाहेर पडलं होतं. मत कुणी विचारलंच नव्हतं. त्या पुढे आल्या. माइक ठेवलेला होता, तो त्यांनी बाजूला सारला.

"माझं मत असं, की तो चुकला," त्या म्हणाल्या. "घरी त्याची बायको होती. लेखकाने तिला चार ओळींत गुंडाळलीय. तो नदीपाशी बसण्याऐवजी तिच्यापाशी बसला असता तर कादंबरी निम्मी झाली असती!"

हशा उसळला, टाळ्या पडल्या, आणि त्याच दमात अर्धं दालन विरोध करायला उठून उभं राहिलं. "अहो, पण बाई—" "असं कसं म्हणता!" "ती बायको काय करणार होती?" घोषणाबाईंनी पदर खोचला, सगळ्यांच्या वर आवाज चढवला आणि म्हणाल्या, "एकेकाने बोला. मी कुणालाच सोडणार नाही."