डाव्या कानातली झांज

तुम्ही गाणं कोणत्या कानानं ऐकता? हसू नका. मलाही हा प्रश्न कधी पडला नव्हता.

जैनथहून आदिलाबादला कॉलेजात जाताना बसमध्ये मी आणि धाकटी बहीण एकच इयरफोन वाटून घ्यायचो. खिडकी तिची, म्हणून ती माझ्या उजवीकडे, आणि इयरफोनचं एक टोक माझ्या उजव्या कानात. ऐकायचो जुने हेवी मेटल अल्बम. भांडायचो ड्रमवरून. सुरुवातीच्या अल्बममध्ये ड्रम कोरडा, अगदी जवळ, शेजारच्या खोलीत कोणी पत्र्याचा डबा बडवावा तसा. नंतरच्या अल्बममध्ये तोच ठोका कापसाच्या रिकाम्या जिनिंग मिलमध्ये वाजल्यासारखा घुमतो. ज्यात लपायला जागा नाही तोच आवाज खरा, असं मी ठासून सांगायचो. आमच्या घरी चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे होते, वाचायला मी त्यांवरच शिकलो. बोलणंही तसंच झालं.

"तुह्या कोरड्या ड्रमले पाणी पाज, दादा," बहीण म्हणायची.

एकदा खिडकीत आधीच कोणी बसलेलं होतं. बहीण डावीकडे बसली, टोक डाव्या कानात गेलं. माझा लाडका अल्बम लागला. ड्रमचा ठोका होता, त्याच्यासोबतची झांज नव्हती.

"याच्यातली झांज कुठं गेली?"

"काऊन? सारी तं वाजून राह्यली. छन छन छन."

तेच टोक उजव्या कानात घातलं. झांज आली. डाव्यात घातलं. गेली. तिसऱ्यांदाही तेच. बहीण हसायची थांबली.

सरकारी दवाखान्यात मला बंद खोलीत बसवलं. डाव्या कानावरच्या हेडफोनमध्ये बारीक शिट्टी आली की बटण दाबायचं. मी अंगठा ठेवून बसलो. मशीन अजून सुरू व्हायची असावी, असं वाटलं. मग काचेपलीकडे बहिणीचा चेहरा दिसला आणि कळलं, मशीन केव्हाची सुरू होती.

"मोठ्या आवाजाजवळ काम करता का?" डॉक्टरांनी हिंदीत विचारलं.

काम कसलं! जयंतीच्या मिरवणुकीत गर्दी मागे ठेवायला डीजेच्या गाडीभोवती दोरी धरायचो. दर वर्षी गाडीच्या उजव्या अंगाला, मानाची जागा. भोंग्यांची भिंत डाव्या खांद्याला चिकटलेली. कानात कापूस घालणाऱ्यांना भित्रे म्हणणारा मीच. 'आमचा आवाज दबणार नाही' हे पत्रकही माझंच. त्यातला शब्द मी आजही मागे घेत नाही. पण आवाज म्हणजे भोंगा, हे कुठल्या पत्रकात लिहिलं होतं?

"गेलं ते परत येत नाही," डॉक्टर म्हणाले. "उजवा जपा."

आता रोज सकाळी उजव्या कानानं त्याच अल्बमचा तोच तुकडा ऐकतो. झांजेचे सोळा ठोके. सोळा आले की तोंड धुतो. परवा पंधराच आले. पुन्हा लावलं, सोळा. मोजताना चुकलो असेन. चुकलोच असेन.

जयंतीच्या यंदाच्या बैठकीत दोरी धरायला नाही म्हटलं आणि कारण सांगितलं. कोणी हसलं नाही. माझ्यापुढे दोरी धरणारा माझा मित्र खाली बघत म्हणाला, "मले बी त्या कानानं कमीच आयकू येते बा."

तुमच्या गल्लीतही कोणी दोरी धरत असेल. आज त्याला घरी बोलवा, ओळखीचं गाणं लावा, इयरफोनचं एकच टोक आधी एका कानात, मग दुसऱ्या कानात द्या, आणि झांज येते का विचारा. त्यानं थांबून विचार केला, तर यंदा ती दोरी त्याच्या हातात देऊ नका.