दादाने आखलेला एकच डोळा

कराडहून एसटीत बसले तेव्हा माझ्या पिशवीत दादासाठी तंबाखूची पुडी नव्हती. लग्न होऊन घाटावर आल्यापासून माहेरी जाताना ती कधी चुकली नव्हती. पण चैत्रात दादाला झटका आला, डावा हात लुळा पडला आणि डॉक्टरांनी तंबाखू बंद केली. मग पेढे घेतले. पेढे काय, कुणालाही नेता येतात.

कुंभार्ली घाटात धुकं एवढं, की ड्रायव्हरला काय दिसत होतं देव जाणे. मला तर काचेत माझंच तोंड दिसत होतं. सावर्ड्याला वडा खाल्ला, चहा घेतला, आणि छत्री तिथेच बाकड्यावर राहिली. आठवली ती संगमेश्वर मागे पडल्यावर. म्हटलं जाऊ दे, श्रावणातला पाऊस, येतो नि जातो. लांज्याला उतरले तर धो धो.

न्यायला विनय आला होता, दादाचा मुलगा. चाळिशी उलटलेला, मुंबईची नोकरी सोडून बापाच्या शाळेत परतलेला. आमच्याकडे शाळा म्हणजे गणपतीची शाळा (मूर्ती घडवण्याची जागा). गावातलं एकेक घर आपला पाट तिथे आणून ठेवतं, त्याच पाटावर त्या घरचा गणपती घडतो. माती मळणारे, रंगवणारे चौघेपाच जण असतात, पण डोळे आखतो तो एकटा दादा. रिक्षात विनय म्हणाला, आप्पा माझ्याशी बोलत नाहीत. का, ते सांगेना. "तूच बघ, आते," एवढंच.

जेवायला बसलो. भात, कुळथाचं पिठलं, आणि दादाच्या आवडीची तवशाची (मोठ्या काकडीची) कोशिंबीर. दादाने ताटाची उजवी बाजू चाटूनपुसून साफ केली आणि वहिनीवर कातावला, बहीण एवढ्या लांबून आली तरी कोशिंबीर करायला तुझे हात दुखले काय. कोशिंबीर ताटात डावीकडे होती, तशीच. वहिनी वाढायच्या निमित्ताने उठली, ताट हळूच फिरवलं आणि म्हणाली, "ही काय वाढली." दादाने तीही संपवली. 

मागून चुलीपाशी वहिनीने सांगितलं. डोळे चांगले आहेत म्हणे, पण झटक्यापासून डावीकडचं जग त्याच्या मनापर्यंत पोचतच नाही. "त्या बाजूला भोक दिसलं असतं तर कळलं असतं गो," ती म्हणाली. "त्यांना सगळं पुरंच दिसतं."

दुपारी दादा मला शाळेत घेऊन गेला. ओळीने पांढरे गणपती, अजून डोळे न उघडलेले. ओल्या शाडूचा वास लहानपणी होता तसाच. स्टुलावर बसून दादा हलक्या आवाजात म्हणाला, "बाय, माझ्यामागून कोणतरी मूर्तींना हात लावतो. विनूच. माझ्या आखणीवर आपला कुंचला फिरवतो नि गावात सांगतो, म्हातारा संपला. दोन घरांनी पाट उचलून नेले ते उगाच? तू इथे बस. मी काय आखतो ते बघ, नि सांग त्याला तोंडावर."

मी बसले. त्याने घरच्या गणपतीचा पाट पुढे ओढला. उजव्या हाताला काही झालेलं नाही. श्वास रोखून त्याने पापणीची रेघ ओढली, बुबुळ भरलं, पांढरा ठिपका ठेवला. तो डोळा खरोखर उघडला हो, मातीला जाग आली. मग दादाने कुंचला पाण्यात बुडवला, फडक्याला पुसला आणि म्हणाला, "झालं."

दुसरी बाजू कोरी होती.

आता सगळं माझ्यावर आलं. गप्प बसले तर विनय चोर ठरतो. बोलले तर दादाचं काय उरतं? त्याने दुसरं काही कधी केलंच नाही.

"दादा, एक राहिलाय."

"कुठे? दोन्ही आहेत की." चिडला नाही, माझीच कीव आल्यासारखा हसला. "चष्मा बदल, बाय."

मी त्याचं बोट धरलं आणि मूर्तीच्या त्या गालावरून वर नेलं, डोळ्याच्या जागी टेकवलं. बोट कोरडंच परत आलं. ते त्याने नीट पाहिलं. मग मी पाट फिरवला, ती बाजू त्याच्या उजव्या हाताशी येईल असा. पाहत राहिला.  शेवटी त्याने कुंचला उचलला आणि तो डोळाही आखला. तोही सुंदर. पण मूर्ती सरळ केली तर एक डोळा हातातल्या मोदकाकडे बघतोय आणि दुसरा दाराबाहेर. दोन्ही एकदम त्याला दिसतच नव्हते, जुळवणार कसे?

दारात विनय येऊन उभा होता. दादाला त्याची चाहूल लागली.

"जुळले काय रे?"

विनयने माझ्याकडे पाहिलं. "नाय, आप्पा."

"मग तुझे कसे जुळतात?"

"तुमचा बघून दुसरा काढतो."

दादाने ओलं फडकं घेतलं आणि स्वतःच्या हाताने दोन्ही डोळे पुसले, आधी हा, मग पाट फिरवून तो. कुंचला विनयच्या बाजूला सरकवला आणि काठी टेकत पडवीत जाऊन बसला. मी मागोमाग गेले.  पागोळ्यांकडे बघत म्हणाला, "झटक्याच्या आधी तरी मला सगळं दिसत होतं, कशावरून गो? तेव्हाही मला पुरंच वाटायचं."

 मी पेढ्याचा पुडा पुढे केला. त्याने घेतला नाही.

पुढचे दिवस तो शाळेत गेलाच नाही. विनय एकटाच बसायचा आणि एकेक डोळा आखून बापाची वाट बघितल्यासारखा थांबायचा. निघायच्या सकाळी मी दादाच्या पाया पडले, सवयीने डावीकडून. माझा हात त्याच्या पावलावर होता आणि तो वहिनीला विचारत होता, बाय अजून आवरतेय काय, गाडी चुकेल तिची. मी उठून पलीकडे गेले, तेव्हा कुठे त्याचा चेहरा उजळला. "आलीस? सांभाळून जा," म्हणाला.

लांज्याहून गाडी निघाली. पाऊस उघडला होता. खिडकीबाहेर भाताची खाचरं, सड्यावर (कातळाच्या माळावर) वीतभर गवत, मधेच ऊन. मी डोळे फाडून बघत होते. उजवीकडे बघितलं, मान वळवून डावीकडे बघितलं. घाट चढून धुक्यात शिरेपर्यंत बघत राहिले. कुठे काही कमी दिसत नव्हतं, आणि त्याचीच मला भीती वाटत होती.