आधी ‘बरोबर’, मग ‘पण’

ओल्या फडक्यातून सोडवलेली विड्याची पानं पितळी तबकात एकेक करून मांडली जात, तेव्हा आमच्या केळव्याच्या घराच्या ओटीवर जो एक हिरवा, किंचित तिखट, माती आणि पाणी एकत्र मुरल्यासारखा वास पसरे, तो आजही कुठे अवचित भेटला की मी चालता चालता थांबते. पानं आमच्याच वाडीतली... सुपारीच्या झाडांना बिलगून वर गेलेल्या वेलींची, आईने सकाळी नखाने खुडलेली. समुद्राच्या बाजूने बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांचा उग्र वास येई, मागच्या अंगणातून रहाटाची कुरकुर ऐकू येई, आणि या सगळ्याच्या मधोमध ते लखलखीत घासलेलं तबक शांतपणे बसलेलं असे. ते बाहेर आलं म्हणजे घरात काहीतरी ठरायचं आहे, एवढं आम्हा पोरांना न सांगता कळे.

आमच्या भावकीची रीतच तशी होती. आप्पाकाका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, तबकाशी बसत. विषय मांडला जाई, ज्याला त्याला बोलायची मुभा असे, आणि जो कोणी ‘बरोबर हाय’ म्हणेल त्याच्या हातात आप्पाकाका स्वतः पान ठेवत. पान हातात आलं की त्या माणसाचं बोलणं संपलं. मग त्या विषयावर त्याने चकार शब्द काढायचा नाही, काढला तर तो वडीलधाऱ्याचा अपमान. ‘पान हातात, बोलणं पोटात’ असं आमच्याकडे म्हणत. तुम्ही हसाल, पण बांधावरून एकमेकांची तोंडंही न बघणारे दोन भाऊ याच ओटीवर पान घेऊन दुसऱ्या दिवशी एका रहाटावर पाणी काढताना मी पाहिलेत. तेव्हा रीत वाईट होती असं मी आजही म्हणणार नाही.

सुमनताई माझी मोठी बहीण. ती अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला, आणि मी तिच्या मागे दोन यत्ता. दोघी एस.टी.ने पालघरच्या हायस्कुलात जात असू. मी तोंडाळ, उचलली जीभ लावली टाळ्याला. ताई म्हणजे गोगलगाय. कुणी तिच्या ताटातली पोळी उचलली तरी ती ‘असू दे’ म्हणायची. अशा मुलीला कधी काही हवंसं वाटेल असं कुणाच्या मनातही आलं नसतं. पण तिला हवं होतं. तिला मॅट्रिक होऊन शाळेत बाई व्हायचं होतं. खुर्ची, टेबल, हजेरी आणि समोर चाळीस पोरं... हे ती मला वेलींच्या थंडगार सावलीत, पाटाचं पाणी वळवता वळवता अगदी हळू आवाजात सांगत असे, जणू झाडांनीही ऐकू नये.

इंग्रजी आम्हांला उशिराच भेटली, आणि भेटली ती आमच्या सरांच्या रूपाने. सर पुण्याकडचे, कडक इस्त्रीचे, आणि वादाचे भारी शौकीन. दर शनिवारी ते वरच्या तिन्ही यत्ता एकत्र बसवून त्यांचे दोन भाग करत आणि काहीतरी विषय देत—शहर बरं की खेडं, तलवार मोठी की लेखणी. मुख्य म्हणजे भांडायचं कसं, ते शिकवत. त्यांनी आम्हांला शब्दांचा एक नवाच डबा उघडून दिला. ‘इन माय हम्बल ओपिनियन’, म्हणजे माझ्या नम्र मते. ‘ऑन दि अदर हँड’, म्हणजे दुसरी बाजू बघा. ‘आय बेग टु डिफर’ ऐकून तर आम्ही पोरी ओढणी तोंडात कोंबून हसलो. मत वेगळं असायची भीक कशाला मागायची? आमच्या गावातल्या कोळणींना कुणी हे सांगून बघावं. त्यांना ताकाला जाऊन भांडं लपवणं ठाऊकच नाही. पापलेटाची टोपली कमरेवर, आणि ‘नाय म्हंजे नाय’—संपला वाद.

सरांना मात्र तसं चालत नसे. ते म्हणत, आधी समोरच्याला पाट द्यावा, पाणी द्यावं, मग वाद घालावा. त्याला म्हणायचं, ‘यू आर क्वाइट राइट, सर’, तुमचं अगदी बरोबर आहे. मग थांबायचं. एक श्वास घ्यायचा. समोरचा सैल पडतो, त्याच्या कपाळावरची आठी जाते... आणि तेव्हा शांतपणे म्हणायचं, ‘बट’. सगळी ताकद त्या थांबण्यात आहे, असं सर सांगत आणि स्वतः थांबून दाखवत.

ताईला हे इतकं आवडलं, की काय सांगू! तोंडावर कुणाला ‘नाही’ म्हणणं तिच्या जिवावर येई. आणि इथे एक अशी भाषा होती, जिच्यात कुणाला न दुखवता आपलं म्हणणं मांडता येत होतं. तिला वाटलं, ही तर माझ्यासाठीच केली आहे. संध्याकाळी वाडीत ती एखाद्या माडासमोर उभी राही आणि त्याला म्हणे, ‘यू आर क्वाइट राइट, सर...’ मग डोळे मिटून श्वास घेई, आणि ‘बट!’ मी माडाच्या वतीने उलट बोले. घरातही आमचं हेच सुरू झालं. भांडी घासायची वेळ आली की मी आईला म्हणे, ‘देअर इज मच इन व्हॉट यू से, पण आज ताईची पाळी.’ आई राखेने माखलेला हात न थांबवता म्हणाली होती, इंग्रजीत केला तरी आळस तो आळसच. हिवाळ्याची ती संध्याकाळ, ओल्या राखेचा वास, ताईचं दाबलेलं हसू... आमच्या घरातला तो बहुधा शेवटचा निश्चिंत काळ असावा.

मार्गशीर्षात चिंचणीहून ताईला मागणं आलं. घर चांगलं, नारळ-सुपारीची वाडी, मुलगा निर्व्यसनी. नाव ठेवायला जागा नव्हती आणि ताईचाही त्या मुलाला नकार नव्हता. अडचण एकच होती. त्या घरच्या म्हातारीचं काही खरं नव्हतं, म्हणून त्यांना माघातलाच मुहूर्त हवा होता, आणि ताईची परीक्षा मार्चमध्ये. लग्न झाल्यावर त्या घरातून येऊन परीक्षेला बसणारी सून तेव्हा आमच्या पंचक्रोशीत कुणी पाहिली नव्हती. ताईला हवं होतं ते एवढंच, की लग्न परीक्षेनंतर करा.

मग एकदा धीर करून बाबांच्या कानावर तिने घातलं, की मला ओटीवर काही बोलायचं आहे. बाबा तसे अबोल. पण आप्पाकाकांकडे जाऊन त्यांनी लेकीसाठी मुभा मागून आणली. आमच्या ओटीवर मुलीने बोलायचं हे पहिल्यांदाच घडत होतं. पुढले चार दिवस ताईने वाडीत तालीम केली, इंग्रजीत नव्हे, मराठीत. पण घाट सगळा सरांचा. आधी आप्पाकाकांना पाट, मग पाणी, मग श्वास. मीही तिला शाबासकी दिली. आम्हां दोघींना ते भाषण इतकं सुरेख वाटत होतं, की त्यात कुठे खोट असेल असं स्वप्नातही आलं नाही.

त्या दिवशी ओटी शेणाने सारवून लख्ख झाली होती. चिंचणीचे दोघे पाहुणे, आप्पाकाका, बाबा आणि दाराच्या आत आई. ताई खांबाला टेकून उभी राहिली, निळ्या साडीचा पदर बोटाला गुंडाळत. आप्पाकाकांनी सगळं नीट मांडलं. म्हातारीचं दुखणं सांगितलं, माघातला मुहूर्त सांगितला, असं स्थळ पुन्हा चालून येत नाही हे सांगितलं. मग मान वर करून त्यांनी प्रेमाने विचारलं, “काय बाय, मी बोललो ते बरोबर हाय ना?”

ताई म्हणाली, “आप्पाकाका, तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे.”

आणि ती थांबली.

सरांनी शिकवल्याप्रमाणे थांबली, डोळे किंचित मिटून तिने श्वास घेतला... आणि तेवढ्यात तिच्या हातात पान पडलं.

ओटीवरचे सगळे एकदम सैल झाले. पाहुण्यांनी हसून पाय पसरले, आईने आत देवाला हात जोडले, आप्पाकाकांनी अडकित्ता उचलून सुपारी कातरायला घेतली. ताईचे ओठ उघडे होते. तो पुढचा शब्द तिच्या जिभेवर आला होता, मला तो दिसत होता म्हणा ना! पण पान तळहातावर होतं, आणि पान हातात असताना आमच्या घरात आजवर कुणी बोललं नव्हतं. तिने एकदा पानाकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. बाबांचे डोळे भरून आले होते. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “मला वाटलेलं, तू नाय म्हणशील. माझी बाय शहाणी.”

त्यानंतर ती कशी बोलणार होती?

माघात लग्न झालं. परीक्षेच्या दिवसांत ताई चिंचणीला आजेसासूचे पाय चेपत होती. पुढे मी मॅट्रिक झाले, नोकरी केली, सभांमधून तावातावाने वाद घातले, आणि दर वेळी ‘आपलं बरोबर आहे’ म्हणताना न थांबता त्याच श्वासात ‘पण’ जोडत गेले. ताईचा संसार चांगला झाला, खोटं कशाला बोलू! भावजी देवमाणूस. तिने कधी कुणाला दोष दिला नाही, सरांना नाही, आप्पाकाकांनाही नाही. बाबा तर शेवटपर्यंत कौतुकाने सांगत राहिले, की माझ्या लेकीने भर ओटीवर स्वतःच्या तोंडाने होकार दिला. ताईने त्यांना तसंच जाऊ दिलं. विडा मात्र तिने पुन्हा तोंडात घातला नाही.

मध्ये खूप वर्षं गेली. बोईसरला कारखाने आले, सरावलीला कामगारांच्या खोल्या उठल्या, एस.टी.त हिंदी ऐकू येऊ लागली. आमच्या केळव्याच्या वाडीत आता शनिवार-रविवारी मुंबईचे पाहुणे उतरतात. बाबांच्या माघारी ते तबक ताईकडे गेलं. आणि एका वर्षी मी चिंचणीला गेले असताना तिच्या नातीची गोष्ट निघाली. पोरीला पुढे शिकायला पुण्याला जायचं होतं, तिच्या वडिलांना ते पसंत नव्हतं. बैठकीत सगळे जमले. पानाची रीत आता कुणी तेवढी मानत नाही, पण सुनेने सवयीने तबक आणून ठेवलंच. वडील बरंच बोलले. मग नात उठली, आणि कुठल्या शाळेत शिकली कोण जाणे, अगदी मऊ आवाजात म्हणाली, “बाबा, तुमचं बरोबर आहे...” आणि थांबली.

ताईच्या मुलाचा, म्हणजे पोरीच्या बापाचा, हात तबकाकडे गेला. त्याआधी ताईने ते ओढून आपल्या मांडीवर घेतलं होतं, आणि पानांवर आपला सुरकुतलेला पंजा पालथा ठेवला होता.

“पोरीचं बोलून नाय झालं अजून,” ती म्हणाली.

नात बोलली. पोटभर बोलली. पुण्याला गेलीसुद्धा.

सगळे उठून जेवायला गेले, तरी ताई तिथेच बसून होती, तबक मांडीवर. पानांचा तोच हिरवा, तिखट वास... मी शेजारी बसले. तिने समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, डोळे किंचित मिटले, एक श्वास घेतला आणि हळूच म्हणाली—

“पण आप्पाकाका, माझी परीक्षा होऊ द्या. तेवढंच थांबा.”

ताई जाऊन आता दोन पावसाळे झाले. तबक माझ्याकडे आहे. तिचं ते वाक्य पुरं झालं, तेव्हा ऐकायला मी एकटीच होते.