थंड हाताचा ठसा

कुलाब्याला पोस्टिंग आलं तेव्हा लालबागच्या आमच्या चाळीत पेढे वाटले गेले. मुंबईचा पोरगा मुंबईतच नोकरीला, अजून काय पाहिजे? मी तेव्हा नाईक होतो, बटालियनचा आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. गिरणगावातून मोर्चे निघायचे आणि आम्हाला सक्त हुकूम होता: पास घेऊन घरी जा, पण मोर्चाच्या आसपास दिसायचं नाही. माझी त्याला हरकत नव्हती. माझ्या डोक्यात पिस्तुलाशिवाय दुसरं काही नव्हतं. आणि नाईक वासुदेव गावडे.

गावडे लोअर परळचा. आम्ही एकाच दिवशी भरती झालो, एकाच दिवशी नाईक झालो. स्पष्टच सांगतो, मला त्याचा हेवा वाटायचा. हेवा हा सभ्य शब्द झाला, मी जळायचो. मी रोज पहाटे पाचला उठून रिकामं पिस्तूल धरून तासभर हात ताणायचो. हा गडी निवांत चहा पिऊन शीळ घालत रेंजवर यायचा आणि माझ्यापेक्षा चांगलं मारून जायचा. वर विचारायचा, "परबा, आज कसा गेला रे हात?" तेव्हा तर तळपायाची आग मस्तकात जायची.

आमचा प्रकार रॅपिड फायरचा. पंचवीस मीटरवर पाच पुतळे ओळीत उभे. प्रत्येकावर एक गोळी. आधी आठ सेकंदांत पाच, मग सहा, मग चार. पहिली गोळी कोणीही मारील. खरी परीक्षा दुसरीपासून. गोळी सुटली की नळी उडते. ती खाली येताना नळीवरची माशी, म्हणजे नेम धरायचा खुंट, आपसूक पुढच्या पुतळ्यावर बसायला हवी. तिला शोधत बसलात तर वेळ संपलीच.

युनिटकडे स्पर्धेचं पिस्तूल एकच होतं आणि कमांडच्या स्पर्धेला माणूसही एकच जाणार होता. पहिल्या चाचणीत गावडे निवडला गेला. मी रिझर्व्ह. पक्की निवड दहा दिवसांनी, दुसऱ्या चाचणीत. सुभेदारसाहेबांनी मला बोलावलं.

"परब, पिस्तूल इसके हाथ का बना दो. दस दिन."

"जी साब."

ज्याने माझी जागा घेतली, त्याच्यासाठीच पिस्तूल सजवायचं. दुसरा आर्मरर नव्हता.

स्प्रिंगपासून सुरुवात केली. धक्का झेलणारी रिकॉइल स्प्रिंग ताठ असली तर स्लाइड, पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, पुढे येताना आपटते आणि नळी खाली डुचकी मारते. नरम असली तर नळी वर उडते आणि लवकर परत येत नाही. मी चार स्प्रिंगा बदलून पाहिल्या. नळीखाली वजन लावलं, कानशीने घासत घासत कमी केलं, शेवटी माशी जिथून उठे तिथेच परत बसू लागली. त्या कामात मी तसूभर हयगय केली नाही. वाईट काम करायला हात तयारच होत नव्हते.

मग राहिली मूठ. कंपनीची मूठ सगळ्यांना बसेल अशी करतात, म्हणजे ती कोणालाच धड बसत नाही. गावडे घरून शिसवी खाटेचा एक पाय घेऊन आला. खाट त्याच्या वारलेल्या वडिलांची. त्याच्या आईने स्वतः पाय काढून दिला होता. मूठ घडवायची रीत अशी: तळव्याला काजळी फासायची, मूठ धरायची, जिथे काळं लागेल तिथे कानस मारायची. पण पाच गोळ्या झाडल्यावर तळवा तापतो, अंगठ्याखालचं मांस घट्ट होतं. म्हणून ठसा घ्यायचा तो गोळ्या झाडल्यावर, लगेच. हे मला माझ्या उस्तादांनी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

गावड्याचे सगळे ठसे मी सकाळी, रोल कॉलनंतर घेतले. थंड हाताचे. विसरलो नव्हतो.

चाचणीच्या सकाळी पिस्तूल त्याच्या हातात दिलं. त्याने दोनतीनदा रिकामंच रोखून पाहिलं. म्हणाला, "मस्त बसलीय रे." पिस्तूल रिकामं असताना ती बसणारच होती.

नऊ वाजता फायर सुरू झाला. आठ सेकंदांत पाचही गोळ्या मधोमध. सहा सेकंदांत चौथी कडेला गेली. चार सेकंदांत चौथी कडेला आणि पाचवी पुतळ्याबाहेर, मागच्या वाळूत. बटमधून, म्हणजे पुतळ्यांजवळच्या खंदकातून, आवाज आला, "फिफ्थ मिस, साब." गावडे हाताकडे बघत राहिला.

"परब, तू मार," सुभेदारसाहेब म्हणाले.

मी कंपनीची मूठ परत चढवली आणि मारलं. फार ग्रेट नाही, पण एकही बाहेर गेली नाही. यादीत माझं नाव लागलं. दुपारी मेसमध्ये मी दोन वाट्या खीर जास्त खाल्ली, लाज वाटते सांगायला.

आता मूठ माझ्यासाठी घडवायची आणि मदतीला रिझर्व्ह, म्हणजे गावडे. दोन दिवस तो आपली शिसवी मूठ घेऊन बसला होता. तिसऱ्या दिवशी मी काजळीसाठी हात पुढे केला. त्याने डबी मिटली.

"आधी पाच गोळ्या झाड," तो म्हणाला. "थंड हाताचा ठसा फसवतो."

बस, एवढंच. मी झाडल्या. त्याने माझा ठसा घेतला, नीट, चार वेळा. सुभेदारसाहेबांकडे तो कधीच गेला नाही. त्याची माफी मागायला हवी होती, पण मला त्याचा रागच आला. चांगुलपणातही हा माझ्या पुढेच.

कमांडला मी तिसरा आलो. सगळ्यांत आधी टाळ्या त्याने वाजवल्या.

पुढे माझी बदली डेपोत झाली, तो नेफात, चीनच्या सीमेवर गेला. बासष्टला त्याच्या पोस्टवरून आलेला शेवटचा वायरलेस मला सिग्नलच्या एकाने नंतर सांगितला: "अम्युनिशन कम है. पोझिशन पर हैं. ओव्हर." त्यानंतर काही आलं नाही. गावडेही आला नाही.

ती शिसवी मूठ तो माझ्याकडेच सोडून गेला होता, माझ्या हत्यारपेटीत पडून होती. लोअर परळला जाऊन त्याच्या आईच्या हातात दिली. लाकूड तिने लगेच ओळखलं. बोटं फिरवत म्हणाली, "वासूच्या हातात नीट बसायची मा रे ही?"

सगळं सांगायचं ठरवूनच जिना चढलो होतो.

"हो काकी," मी म्हणालो. "अगदी बरोबर बसायची."

स्पर्धेला गेलेल्यांच्या युनिटमधल्या बोर्डावर त्या वर्षापुढे नाईक परब असं रंगवलेलं आहे. कधी तिथे गेलात, तर ते नाईक वासुदेव गावडे असं वाचा.