जांभळ्या टोपणातलं रक्त

रक्ततपासणीच्या खोलीत बावीस वर्षं काढलेल्या बाईंना सगळे वहिनीच म्हणत, डॉक्टरसुद्धा. त्या दिवशी एका सुताराचा रिपोर्ट भलताच आला. पोटॅशियम हृदय बंद पाडील इतकं आभाळाला भिडलेलं, कॅल्शियम नावालाच, आणि यकृताचं एक एन्झाइम पार झोपलेलं. डॉक्टर पोटॅशियम उतरवायचं इंजेक्शन घेऊन निघाले. धडधाकट माणसाला आडवं करील असं ते औषध.

वहिनींनी बाहेर डोकावलं. सुतार बाकाचा डुगडुगणारा पाय ठोकत होता.

"डॉक्टर, थांबा. मरायला टेकलेला माणूस बाक दुरुस्त करत बसत नाही."

मग त्या रक्त काढणाऱ्या भाचीकडे वळल्या. "पिवळ्या टोपणाची नळी भरेना म्हणून जांभळ्या टोपणाच्या नळीतलं रक्त तिच्यात ओतलंस ना?"

"थोडंसंच हो, मामी."

जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून पोटॅशियमवाली पूड असते. ती कॅल्शियम धरून ठेवते, शिवाय मॅग्नेशियम आणि जस्तही. यकृताचं ते एन्झाइम काम करतं ते या शेवटच्या दोघांच्या जिवावर; ते नसले की नुसतं बसून राहतं.

वहिनींनी नव्यानं रक्त काढलं. सगळे आकडे ठीक आले. इंजेक्शन कपाटात परत गेलं.

"जा," त्या भाचीला म्हणाल्या, "दुसऱ्यांदा का टोचलं, ते त्याला तूच सांग."